गोल्फपटूच्या वहीतलं लोखंड

आज एखाद्या व्यावसायिक गोल्फपटूच्या व्यायामाच्या वहीचं पान उघडलं, तर त्यावर साधारण असं काही लिहिलेलं दिसतं. सुरुवातीला जागेवरून उंच उड्या, तीन-तीनच्या. मग स्क्वॉट, पाच रेप्सचे तीन सेट, वजन कमाल ताकदीच्या तीन चतुर्थांश. ट्रॅप बारनं डेडलिफ्ट. मेडिसिन बॉल भिंतीवर आडवा फेकणं, दोन्ही बाजूंनी. आणि पानाच्या तळाशी एक टीप: चौथा आठवडा हलका.

१९५० च्या सुमाराला हे पान गोल्फच्या एखाद्या प्रशिक्षकाला दाखवलं असतं, तर त्यानं ते खेळाडूच्या हातून काढून घेतलं असतं. स्क्वॉट आणि डेडलिफ्ट ही वजन उचलणाऱ्यांची कामं, आणि वजन उचलणाऱ्याचं अंग आखडतं, खांदे वळत नाहीत, हाताची नजाकत जाते, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. आपल्याकडे क्रिकेटच्या मैदानांवरही हा समज बराच काळ टिकून होता. तेव्हा हे पान पॉवरलिफ्टरच्या वहीतून गोल्फपटूच्या वहीत कसं आलं, आणि वाटेत त्यातलं काय गळलं, हे पाहण्यासारखं आहे. माझ्या मते त्यात जे गळलं, तेच जास्त शिकवणारं आहे.

अंग आखडण्याच्या भीतीपासून सुरुवात करू. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड कॉलेजमध्ये डॉ. पीटर कार्पोविच हे शरीरक्रियाशास्त्र शिकवत, आणि वजनं उचलण्याबद्दल त्यांचंही मत फारसं चांगलं नव्हतं. १९४० मध्ये यॉर्क बारबेल कंपनीचा बॉब हॉफमन आपले दोन खंदे गडी, जॉन ग्रिमेक आणि जॉन डेव्हिस, यांना घेऊन तिथे प्रात्यक्षिकासाठी आला. ग्रिमेकची लवचिकता पाहून सभागृह चकित झालं. पण कार्पोविच टाळ्या वाजवून थांबले नाहीत, त्यांनी मोजमाप करायचं ठरवलं. १९५१ मध्ये विल्यम झोर्बास यांच्यासोबत त्यांनी प्रसिद्ध केलेल्या चाचणीत तीनशे वजन उचलणारे आणि तीनशे न उचलणारे असे सहाशे पुरुष होते. प्रत्येकानं हातानं एक दांडा जमेल तितक्या वेगानं गोल फिरवायचा होता. वजन उचलणारेच जास्त वेगवान निघाले. एका प्राध्यापकानं स्वतःचं मत असं जाहीरपणे तपासून बदलावं, ही या साऱ्या कहाणीतली मला सर्वांत आदराची वाटणारी गोष्ट आहे.

चाळीसच्या दशकातच दुसरा धागा एका लष्करी रुग्णालयात विणला जात होता. शिकागोच्या गार्डिनर जनरल हॉस्पिटलमध्ये युद्धातून परतलेले, गुडघे निकामी झालेले सैनिक भरती होते. तिथले तरुण डॉक्टर थॉमस डीलॉर्म हे स्वतः वजन उचलणारे. लहान वजनाचे असंख्य हेलकावे देण्याची तेव्हाची रीत सोडून त्यांनी रुग्णांना जड वजन, मोजक्या वेळा आणि दर आठवड्याला थोडं वाढवून द्यायला सुरुवात केली. १९४५ मध्ये त्यांचा लेख आला. १९४८ मध्ये आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर त्यांनी ही पद्धत आणखी आटोपशीर केली: जे वजन जेमतेम दहा वेळा उचलता येतं, त्याच्या निम्म्यानं पहिला सेट, पाऊण वजनानं दुसरा, पूर्ण वजनानं तिसरा. आज गोल्फपटूच्या वहीत टक्क्यांचे जे आकडे असतात, त्यांचं मूळ या तीन सेटांमध्ये आहे. सैनिकांना पुन्हा चालता करण्यासाठी शोधलेली ही रीत पुढे खेळाडूंनी उचलली.

गोल्फमध्ये पहिलं लोखंड आणलं ते फ्रँक स्ट्रानाहान यानं. ओहायो राज्यातल्या टोलेडोचा हा मुलगा श्रीमंत घरातला, वडील चँपियन स्पार्क प्लग कंपनीचे संस्थापक. पैशासाठी खेळण्याची गरज नव्हती, म्हणून वर्षानुवर्षं हौशी म्हणूनच खेळला. आणि खेळला तेही असा की १९४७ च्या ब्रिटिश ओपनमध्ये एका फटक्यानं दुसरा आला, १९४८ आणि १९५० मध्ये ब्रिटिश अमॅच्युअर जिंकला, १९५३ मध्ये कार्नुस्टीला बेन होगनच्या मागे पुन्हा बरोबरीनं दुसरा. पण तो लक्षात राहिला वजनांमुळे. स्पर्धेसाठी प्रवास करताना त्याच्या सामानात बारबेल आणि प्लेट असत, आणि हॉटेलातल्या हमालांची त्या पेट्या उचलताना जी तारांबळ उडे, तिचे किस्से गोल्फच्या जगात आजही सांगितले जातात. 'टोलेडोचा पहिलवान' हे त्याचं टोपणनाव होतं. १९५४ च्या अमेरिकन अमॅच्युअरमध्ये आर्नोल्ड पामरकडून हरल्यावर तो व्यावसायिक झाला आणि १९५८ मध्ये लॉस एंजेलिस ओपन जिंकला.

स्ट्रानाहान वजनं उचलायचा ते तेव्हाच्या वजन उचलणाऱ्यांसारखंच. गोल्फसाठी वेगळी पद्धत वगैरे काही नव्हती. स्क्वॉट, डेडलिफ्ट, प्रेस, जितकं जड तितकं चांगलं. म्हणजे आधी माणूस आला, पद्धत नंतर. सोबतच्या खेळाडूंनी त्याला विक्षिप्त ठरवलं, पण एकानं त्याच्याकडे नीट पाहिलं.

तो होता गॅरी प्लेअर. दक्षिण आफ्रिकेतल्या जोहान्सबर्गचा, वडील सोन्याच्या खाणीत, आई तो आठ वर्षांचा असताना गेलेली. उंची पाच फूट सात इंच आणि वजन जेमतेम सत्तर किलोच्या आत. पामर आणि निकलॉस या प्रतिस्पर्ध्यांसमोर हा देह म्हणजे दर ड्राइव्हला मागे राहण्याची हमीच होती. मोठा भाऊ इयन यानं (पुढे पांढऱ्या गेंड्याला वाचवण्याच्या कामासाठी तो जगभर ओळखला गेला) त्याला लहानपणीच व्यायामाची गोडी लावली होती. स्ट्रानाहाननं ती वजनांकडे वळवली, आणि प्लेअरनं हे ऋण नेहमी उघडपणे मानलं आहे. १९६५ च्या यूएस ओपनची गोष्ट तो स्वतः सांगतो: सेंट लुईसच्या बेलरीव्ह कोर्सवर जिंकण्याच्या आदल्या रात्री त्यानं ३२५ पौंडांचा, म्हणजे सुमारे १४७ किलोंचा, स्क्वॉट मारला होता. तिथे केल नेगलला प्लेऑफमध्ये हरवून त्यानं चारही प्रमुख स्पर्धा जिंकण्याचा मान मिळवला. त्याआधी हे जमलं होतं फक्त सॅरझन आणि होगनला. पस्तिशीपर्यंत हा संपेल, असं भाकीत करणारे होतेच. प्लेअरनं त्याच्या नऊपैकी शेवटची प्रमुख स्पर्धा, १९७८ ची मास्टर्स, बेचाळिसाव्या वर्षी जिंकली.

त्याच जोहान्सबर्गमध्ये आणखी एक माणूस येऊन राहिला होता. लीड्सचा रेज पार्क, तीन वेळा मिस्टर युनिव्हर्स. १९६० मध्ये त्यानं ताकदीवर एक पुस्तिका काढली आणि तिच्यातून पाच सेट, पाच रेप्स ही मांडणी लोकप्रिय झाली. अमेरिकेत बिल स्टार यानं १९७६ च्या आपल्या पुस्तकात तीच फुटबॉलपटूंसाठी वापरली. आजही गोल्फपटूच्या पानावर 'पाच रेप्स' दिसले की त्यांची वंशावळ पार्क आणि स्टार यांच्याकडे जाते.

दरम्यान पॉवरलिफ्टिंग हा खेळ म्हणून उभा राहत होता. ऑलिंपिकमध्ये नसलेल्या उचलींना 'ऑड लिफ्ट्स' म्हणत. त्यांतल्या स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट या तिघांना घेऊन १९६४ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कला मोठी स्पर्धा झाली, १९६५ मध्ये पहिलं अमेरिकन राष्ट्रीय अजिंक्यपद, आणि १९७२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटना. एका खेळाचं सगळं यश तीन आकड्यांच्या बेरजेवर अवलंबून राहिलं की त्या आकड्यांचा अभ्यास फार काटेकोर होतो. सोव्हिएत संघात लेव्ह मातवेयेव यांनी साठच्या दशकात वर्षाचे टप्पे पाडण्याचं शास्त्र मांडलं: आधी भरपूर काम, मग कमी पण जड, मग स्पर्धा, मग विश्रांती. पॉवरलिफ्टरांनी ते आत्मसात केलं, कारण त्यांच्या वर्षात स्पर्धेचे दिवस मोजकेच असतात.

गोल्फची अडचण नेमकी इथे होती. मोठ्या टूरवर खेळणाऱ्याला वर्षभर जवळजवळ दर आठवड्याला स्पर्धा असते. तीन महिने शरीर थकवून मग एका दिवसासाठी शिखर गाठणं त्याला परवडत नाही. गुरुवारी टी-ऑफ असेल, तर बुधवारी पाय जड होऊन चालत नाही. प्लेअरचा आदल्या रात्रीचा स्क्वॉट हा त्याच्या वर्षानुवर्षांच्या सवयीचा भाग होता. नवख्यानं त्याची नक्कल केली, तर दोन दिवस जिन्यावरून उतरताना कठडा धरावा लागेल.

या कोंडीतून वाट काढणाऱ्या गोष्टीही पॉवरलिफ्टरांकडूनच आल्या, आणि त्या बहुतेक दुखापतीतून किंवा थकव्यातून सुचलेल्या होत्या. अल जेरार्ड नावाच्या अमेरिकन पॉवरलिफ्टरची कंबर डेडलिफ्टनं दुखावली. मग ऐंशीच्या दशकात त्यानं असा बार बनवला की माणूस त्याच्या मधोमध उभा राहतो, वजन दोन्ही बाजूंना हातांच्या रेषेत येतं आणि कमरेवरचा ताण घटतो. हाच ट्रॅप बार. गोल्फपटूला सर्वांत जास्त छळणारा अवयव कंबर. दर स्विंगला कणा पिळला जातो, आणि दिवसातून शेकडो वेळा पिळला जातो. म्हणून सरळ बार सोडून ट्रॅप बार घेणं हा गोल्फनं केलेला सर्वांत शहाणा बदल, असं मला ठामपणे वाटतं.

फ्रेड हॅटफील्ड यानं दुसरी मोलाची गोष्ट दिली. १९८७ मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी १०१४ पौंड, म्हणजे ४६० किलो, स्क्वॉट करणारा हा माणूस अभ्यासकही होता. त्याचं सांगणं असं की मध्यम वजनसुद्धा जितक्या वेगानं वर ढकलता येईल तितक्या वेगानं ढकला. उठताना वजन हलकं वाटू लागलं तरी जोर कमी करू नका. गोल्फला हे का हवं? ड्रायव्हरचा डाउनस्विंग सुमारे पाव सेकंदात संपतो. स्नायूला आपली पूर्ण ताकद दाखवायला त्याहून जास्त वेळ लागतो. म्हणजे तुमच्याकडे असलेली सगळी ताकद त्या पाव सेकंदात खर्चच होत नाही. जेवढी झटकन काढता येते तेवढीच कामाची. अशक्त माणसाच्या बाबतीत ताकद वाढली की हा झटकाही वाढतो. पण एका टप्प्यानंतर बारवर आणखी प्लेट चढवत राहिलं, तर चेंडूला त्याचा पत्ताही लागत नाही. त्या टप्प्यानंतर उड्या आणि फेकी लागतात.

जिम वेंडलर यानं तर आपली पद्धत थकूनच लिहिली. हजार पौंडांचा स्क्वॉट मारून झाल्यावर त्याला साधं चालायलाही दम लागे. २००९ मध्ये त्यानं मांडलेली '५/३/१' पद्धत आज असंख्य खेळांत हात-पाय पसरून बसली आहे, आणि गोल्फसाठी तिच्यात फार थोडा बदल करावा लागतो. तिचं मर्म आकड्यांत पाहू. समजा, तुमचा कमाल स्क्वॉट १०० किलो आहे. वेंडलर म्हणतो, हिशेब ९० नं करा. पहिल्या आठवड्यात त्याच्या ६५, ७५ आणि ८५ टक्क्यांनी पाच-पाच रेप्स, म्हणजे शेवटचा, सर्वांत जड सेट सुमारे ७६ किलोंचा. दुसऱ्या आठवड्यात ७० पासून ९० टक्क्यांपर्यंत तीन-तीन. तिसऱ्या आठवड्यात चढत चढत ९५ टक्के, म्हणजे ८५ किलोंच्या आसपास. चौथा आठवडा हलका, ६० टक्क्यांच्या वर जायचंच नाही. पुढच्या फेरीत पायांच्या व्यायामांना दहा पौंड, हातांच्या व्यायामांना पाच पौंड वाढ. संपूर्ण महिन्यात तुम्ही खऱ्या कमाल वजनाच्या जवळही जात नाही, तरी वर्षभरात आकडा चढत राहतो. चौथा आठवडा स्पर्धेच्या आठवड्यावर आणून ठेवला की गोल्फपटूचं वेळापत्रक बसलं. पॉवरलिफ्टरनं विश्रांतीसाठी ठेवलेली जागा गोल्फपटूला खेळण्यासाठी मिळते.

गोल्फच्या बाजूनं पाहिलं तर दार एकदम उघडलं नाही. ऐंशीच्या दशकाच्या मध्यात पीजीए टूरबरोबर व्यायामाची फिरती गाडी जाऊ लागली, आणि कॅलिफोर्नियात डॉ. फ्रँक जोब यांनी स्विंगमध्ये कोणता स्नायू कधी काम करतो हे विद्युत-संकेतांनी मोजलं. मग १९९७ मध्ये टायगर वुड्सनं मास्टर्स बारा फटक्यांनी जिंकली, आणि पुढच्या काही वर्षांत त्याचे खांदे रुंदावताना सगळ्यांनी पाहिले. जिममध्ये जाणं विक्षिप्तपणाचं राहिलं नाही. त्याच्या दुखापतींचं खापर वजनांवर फोडणारे अनेक आहेत. त्यांनी हेही लक्षात घ्यावं की त्याच्या डाव्या गुडघ्यावर पहिली शस्त्रक्रिया १९९४ मध्ये झाली, स्टॅनफर्डला विद्यार्थी असताना.

या कहाणीत ॲनिका सोरेनस्टामचं नाव हवं तितक्या वेळा घेतलं जात नाही, याचं मला वाईट वाटतं. काई फुसर या प्रशिक्षकासोबत ती जड वजनं आणि वेगाचे व्यायाम एकत्र करू लागली. तिनं २००१ मध्ये ५९ फटक्यांत फेरी पूर्ण केली, २००२ मध्ये एलपीजीएच्या अकरा स्पर्धा जिंकल्या आणि २००३ मध्ये कलोनियलला पुरुषांच्या स्पर्धेत उतरली. जड वजनांनी स्त्रीचं शरीर बेढब होतं म्हणणाऱ्यांना तिची ही तीन वर्षं दाखवावीत.

रोरी मॅकलरॉयनं २०१६ मध्ये आपल्या स्क्वॉटचा व्हिडिओ टाकला, तेव्हाही टीकाकार गप्प नव्हते. पण ताकदीच्या बाजूनं आता एक आकडेवारीही होती. कोलंबिया विद्यापीठाच्या बिझनेस स्कूलमधले प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी टूरवरच्या फटक्यांच्या नोंदी तपासून दाखवलं की अव्वल खेळाडू इतरांवर जी आघाडी घेतात, तिच्यात पटिंगचा वाटा सुमारे १५ टक्केच असतो. ड्राइव्ह आणि लांबून ग्रीनकडे मारलेले फटके मिळून दोन तृतीयांश. पटिंगमध्येच पैसा असतो, ही पिढ्यान्‌पिढ्यांची समजूत त्यामुळे कोसळली. लांबीला किंमत आली, आणि लांबीसाठी वेग, आणि वेगासाठी ताकद.

याच हिशेबावर ब्रायसन डीशँबोनं २०२० पर्यंत सुमारे ४० पौंड वजन वाढवलं, त्या हंगामात टूरवर सर्वांत लांब ड्राइव्ह मारले आणि विंग्ड फूटला यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली. सगळ्या जगाला वाटलं, आता हाच रस्ता. पण दोन वर्षांत हाताचं हाड मोडलं, पोट बिघडलं, आणि त्यानं बरंचसं वजन उतरवलं. २०२४ मध्ये पाइनहर्स्टला तो पुन्हा यूएस ओपन जिंकला, आणि तेव्हा तो पूर्वीपेक्षा बराच हलका झाला होता. अंगावरचं वजन वाढवणं आणि ताकद वाढवणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पॉवरलिफ्टिंगमध्ये वजनी गट असतात, म्हणून पॉवरलिफ्टरला हे बाळकडूच मिळालेलं असतं. गोल्फला ते उशिरा कळलं.

मला जास्त भावतो तो मॅट फिट्झपॅट्रिकचा मार्ग. कॅनडातले प्राध्यापक साशो मॅकेंझी यांनी एक दांडा तयार केला आहे. त्याच्या टोकाला वेगवेगळी वजनं लावून पूर्ण जोरात स्विंग करायचा, वेग मोजायचा, लिहून ठेवायचा आणि पुढच्या खेपेला त्याहून थोडं जास्त मागायचं. फिट्झपॅट्रिकनं त्यावर सराव करून वेग वाढवला आणि २०२२ ची यूएस ओपन ब्रुकलाइनला जिंकली. शिकागोच्या रुग्णालयात डीलॉर्म हेच करत होते, फक्त तिथे गुडघे होते आणि इथे क्लब आहे.

मग पॉवरलिफ्टिंगमधलं काय गळलं? सर्वांत आधी, एकदाच उचलायचं कमाल वजन. दुसरं, स्पर्धेचं तंत्र. पॉवरलिफ्टर बेंचवर पाठीची कमान करतो, हात रुंद धरतो, कारण बार जितका कमी अंतर जाईल तितकं वजन जास्त उचलता येतं. गोल्फपटूला उलट हवं, सांधा जितका लांब जाईल तितका चांगला. म्हणून बेंच प्रेसच्या जागी डंबेल किंवा साधे दंड, आणि ओढण्याचे व्यायाम ढकलण्याच्या व्यायामांहून जास्त. तिसरं, दिशा. तिन्ही उचली वर-खाली असतात, त्यांत कंबर वळत नाही. ती उणीव मेडिसिन बॉलच्या फेकींनी भरली. वजन घेऊन अंग फिरवण्याची कला मात्र आपल्या तालमींत कधीपासून आहे. मुद्गल, जोडी, करेला फिरवणं ब्रिटिश लष्करानं एकोणिसाव्या शतकात इथूनच उचललं आणि 'इंडियन क्लब' या नावानं युरोप-अमेरिकेत नेलं. १९०४ आणि १९३२ च्या ऑलिंपिकमध्ये त्याची स्पर्धाही होती. आज गोल्फपटू खांदे मोकळे करायला हेच मुद्गल हातात घेताना दिसतात.

अपेक्षा मात्र बेतानं ठेवाव्यात. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकन महाविद्यालयांतल्या सोळा गोल्फपटूंनी अकरा आठवडे, आठवड्यातून तीनदा व्यायाम केला. क्लबचा वेग वाढला १.६ टक्के, म्हणजे ड्राइव्हमागे सुमारे पाच मीटर. टूरवर गेल्या चाळीस वर्षांत वाढलेल्या लांबीतला मोठा भाग टायटॅनियमच्या ड्रायव्हरचा आणि नव्या चेंडूचा आहे, हेही मान्य करायला हवं. पण त्या अभ्यासातले खेळाडू तरुण आणि आधीच तयार होते. पन्नाशी ओलांडलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या आणि रविवारी सकाळी क्लबवर जाणाऱ्या माणसाची ताकद दरवर्षी कमी होत असते. त्याला ही वही जास्त उपयोगाची आहे.

अशा वाचकाला माझं सांगणं इतकंच. नवा ड्रायव्हर घेण्याआधी एक वर्ष आठवड्यातून दोन दिवस जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली स्क्वॉट आणि ट्रॅप बार शिका, वीस किलोंच्या रिकाम्या बारपासून. गुडघा, कंबर किंवा रक्तदाबाची तक्रार असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. प्रत्येक सेटमध्ये आणखी दोन रेप्स निघाल्या असत्या, तिथेच थांबा. आणि काय उचललं ते वहीत लिहून ठेवा.